वरचे सूर उतरले आहेत

गोरखपूर, जबलपूर
७ नोव्हेंबर २०२४

चि. अंबरीश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. पण इकडे सर्व म्हणजे मी आणि पियानो, आणि दोघांपैकी एकाचीच तब्येत ठीक आहे.

फोन सोडून पत्र कसं, म्हणून हसशील. अरे, आमच्या गल्लीत नेटवर्कचा काही भरवसा उरला नाही. भाऊबीजेला तू व्हिडिओवर दिसलास, फार बरं वाटलं. पोट सुटलंय तुझं. तू जे जे म्हणालास ते मला सगळं मान्य आहे, काळजी करू नकोस.

तर पियानो. उन्हाळ्यापासून त्याचे वरचे सूर उतरलेले वाटत होते. बाबांनी फॅक्टरीच्या क्लबातून त्याला घरी आणलं तेव्हापासून मी त्याला ओळखते, तो रुसला की मला लगेच कळतं. पियानो सुरात लावणारा जवळचा माणूस म्हणजे नागपूरचा अतुल, त्याला बोलावलं. त्याने झाकण उघडून एकेक तार तपासली आणि म्हणाला, "ताई, हा तर बरोबर बोलून राहिला. सूर मोजायच्या मशीनवर पाहा ना."

"मशीनला कान आहेत का रे?"

"नाही, पण..."

"मग चढव."

बिचारा दिवसभर मी सांगेन तशा किल्लीने तारा ताणत बसला. जाताना म्हणाला, "तुमचा पियानो, तुमची मर्जी. पण असा मी कोणाचाच लावला नाही." मला हसू आलं. कानाने वाजवणाऱ्या माणसाने मशीनचं ऐकायचं म्हणजे भाजीतलं मीठ डोळ्यांनी बघायचं!

दिवाळीच्या फराळाला नेहमीच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी वाजवते आणि लतिका भजन म्हणते, हे दरवर्षीचं ठरलेलं. यंदा दोन ओळींतच ती थांबली. "विनता, आज हे असं काहून होऊन राहिलं?" म्हणाली आणि चकल्यांकडे वळली. आवाज गेला बघ तिचा. मी तिला ते सांगितलं नाही. उगाच वाईट वाटलं असतं तिला.

आईचं ते मात्र यंदा वाजवलं नाही. आई दुपारी तांदूळ निवडताना गुणगुणायची ते, शब्द नसलेलं. मी त्याला डाव्या हाताची साथ लावली आणि इतकी वर्षं ते माझ्या बोटांत राहिलंय. दुसरीकडे कुठेच नाही. यंदा मन झालं नाही, एवढंच.

एक विचारायचं होतं. पियानोची स्वरलिपी, ती रेघांवरची टिंबं, अगदी पहिल्यापासून वाचायला शिकायची असेल तर कोणतं पुस्तक बरं? ओळखीतल्या एका बाईंना हवंय. माझं तर तुला ठाऊकच आहे. लहानपणी एकदा पियानोच्या तासाला पॉल मिसनी माझ्यासमोर पुस्तक मुद्दाम उलटं ठेवलं होतं आणि तरी मी धडा धडाधड वाजवून मोकळी, कारण शेजारच्या खोलीतून तुझा ऐकून ठेवला होता. "तुम पढ़ती नहीं, विनता, तुम चुराती हो," असं म्हणून त्यांनी बोटांवर पेन्सिल मारली होती. तू मात्र एकेक टिंब बघत एकच पान महिनाभर घोटायचास. मी तुला कारकून म्हणायची, आठवतं?

पुस्तकाचं नाव व्हॉट्सअॅपवर पाठव. लिहूनच पाठव, बोलून नको.

तुझी,
ताई


गोरखपूर, जबलपूर
१२ डिसेंबर २०२४

प्रिय अंबू,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे.

सकाळी कुठल्याशा शाळेची दोन माणसं आली आणि टेप काढून पियानो मोजायला लागली. "भैया, ये क्या कर रहे हो?" मी विचारलं. एकजण काहीतरी बोलला. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा बोलला. शेवटी त्याने मोबाइलवरचा तुझा निरोप माझ्यासमोर धरला. भाऊबीजेला तू म्हणे मला विचारलं होतंस, ताई, गुडघे दुखतात तर आता पुण्यालाच ये, पियानो एखाद्या शाळेला देऊन टाकू या का? आणि मी हसून मान हलवली.

अंबू, त्या दिवशी मला तुझं एक वाक्यही धड ऐकू आलं नव्हतं. तुझे ओठ हलत होते. तू हसलास की मी हसत होते, तू थांबलास की मान हलवत होते. नेटवर्क उत्तम आहे आमचं.

त्या दोघांना चहा पाजून परत पाठवलं. रागावू नकोस, आणि शाळेला माझ्या वतीने माफी कळव.

लतिकाचा आवाजही उत्तम आहे. बिघडलेली मी आहे. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. ऐकणं तर कमी झालंच आहे, शिवाय एकच सूर माझ्या दोन कानांत दोन जागी पोचतो, एकात जरा उतरलेला, वरच्या पट्टीत तर जास्तच. आणि मी शहाणी, चांगला पियानो माझ्या बिघडलेल्या कानांच्या मापाचा करून घेतला! अतुलला पुन्हा बोलावलं. त्याने तारा होत्या तिथे आणून ठेवल्या. आता पियानो सगळ्यांसाठी बरोबर आहे, माझ्यासाठी नाही. यंत्र लावून बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही, आणि हे वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मी खूप रडले. या कानांचा किती तोरा मिरवला मी, तुझ्यासमोर तर सगळ्यात जास्त.

ते पुस्तक ओळखीच्या बाईंना नको होतं, हे आता तुला कळलंच असेल.

पण त्यात एक नवल झालं, ते सांगते. दुपारी पियानोचं झाकण लावून मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसते. लहान मुलांचे धडे, एका हाताचे. हे टिंब कोणतं, ते कोणतं, असं चाचपडत. एका दुपारी धडा संपला आणि लक्षात आलं, आपण तो ऐकला. अगदी सुरात! पॉल मिसच्या बैठकीतल्या पियानोच्या आवाजात, त्या मऊ, जरा दमट आवाजात. कान मध्ये आलेच नाहीत. मी पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा आला. घर गच्च शांत होतं आणि माझ्या आत कोणीतरी एका बोटाने वाजवत होतं.

परवा पुस्तक घेऊन नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले. पायरीवर बसले. घंटा हलताना दिसत होती, तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. नावाडी एकमेकांना हाका मारत होते, मला नुसती उघडी तोंडं दिसत होती. मी मांडीवर पान उघडलं आणि वाचत गेले. हळूहळू नावा माझ्या धड्याच्या लयीत चालायला लागल्या. एक फुलांचा द्रोण वाहत आला आणि धड्यात सूर खाली उतरतो नेमका तिथेच वळला. मला भीती वाटली नाही. कितीतरी दिवसांनी वाटली नाही. उठले तेव्हा पाण्यावरचं ऊन निघून गेलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईचं ते मी काल वाजवून पाहिलं. मधल्या जागेला आलं आणि कोणी परकीच बाई गुणगुणते आहे असं वाटलं. माझी आई माझ्याच घरात मला ओळखू येईना. पण बोटं अजून बरोबर पडतात अंबू, कालच लतिकाला शेजारी बसवून खात्री करून घेतली. तिने डोळे पुसले, म्हणजे बरोबरच असणार.

कानांनी शिकलेलं कानांबरोबर जातं, हा विचार मला कधी शिवलाच नव्हता. मला अजून दोन हातांचं लिहिता येत नाही, आणि येईपर्यंत बोटं तरी कशाच्या आधारावर राहतील? रेकॉर्ड करून ठेव म्हणशील. ते तुम्हा सगळ्यांसाठी ठेवीनच, पण मला ते ऐकता यायचं नाही. मला ते कागदावर हवंय, दुपारी खिडकीशी बसून वाचता येईल असं. आणि ते टिंब टिंब करून, एकही जागा न गाळता लिहिणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. तू बँकेत गेलास, पियानोला हात लावणं सोडलंस, तरी तुला ते येतं. येतंच.

तू ये. कामं असतील, तरी ये. मी हळू वाजवेन, एकेक ओळ, तू म्हणशील तितक्या वेळा. तू माझ्या डाव्या बाजूला बसून लिही. मध्ये थांबवायचं झालं तर हाक मारू नकोस. माझ्या हातावर हात ठेव, मी थांबेन.

तुझी वाट पाहणारी,
विनताताई