भिंतीवरचं चित्र आणि कोरीटचे पाहुणे

चिरंजीव बन्सीलाल, तुझी आजी तापीबाई हिचा बडोद्यापर्यंत पुरेल एवढा लांब आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जेवतात, झोपतात आणि एकमेकांवर ओरडतात. तुझ्या चित्रांच्या कॉलेजच्या खानावळीतल्या डाळीत अजून गूळ घालतात का? आपले पूर्वज गुजराथेतून इकडे आले म्हणतात. मला वाटतं ते त्या डाळीला कंटाळूनच उठले असावेत. खोकला गेला असेल तर आईला कळव, गेला नसेल तर फक्त मला कळव. हे पत्र करणसिंग गुरुजी लिहून देत आहेत. आपल्या गावात शाळा तेच चालवतात आणि पोस्टाची पिशवीही त्यांच्याच खुंटीला असते. मी बोलते घरची बोली, ते लिहितात पुस्तकातली, तेव्हा यात कुठे मी फार शहाणी वाटले तर तो दोष त्यांचा. (हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, चहा उकळतोय. मग लिहिलं.)

तर तुझ्या बापाने तुला माघात पत्र टाकलं होतं, की कोरीटच्या दगा पाटलांची मुलगी आम्ही पाहिली, घर चांगलं, केळीचा बाग, मुलगी कामाची, तुझं हो की नाही ते लगेच कळव. तुझं उत्तर नाही. दुसरं पत्र गेलं, त्यालाही नाही. आणि मग नंदुरबार स्टेशनावरून निरोप आला की बडोद्याहून मोठं पार्सल आलंय, बिल्टी सोडवून न्या. तुझा बाप गिरधर बैल जुंपून गेला आणि खाटेएवढी वस्तू घेऊन आला. अंगणात त्याने बारदान फाडलं, आतल्या रंगलेल्या कापडाकडे पाहिलं, ते उलटं केलं, चौकटीच्या मागे हात घालून चाचपलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आतमा काहीच नही शे वो माय, नुसतं बारदान धाडं त्यानी!" त्याला वाटलं, हेही गुंडाळायचंच कापड. तुझी आई तोवर ओलं फडकं घेऊन आली होती. "रेल्वेवालास्नी काही सांडी दिन्हं वाटस," म्हणून तिने एक कोपरा पुसायलाही घेतला. मी हात धरला म्हणून तुझा निळा रंग वाचला. (कोपऱ्यात बोटभर फिकट झालाय. कोणी विचारलं तर तो मुद्दाम केलाय असं सांग.)

चिठ्ठी नव्हती. म्हणजे हेच तुझं उत्तर, असं सगळ्यांनी धरलं, आणि दोन दिवस या घरात चूल तेवढी पेटली नाही, बाकी सगळे पेटले. पांढऱ्या कापडावर ते काळे जाड फराटे, मधे गेरूसारखा तांबडा, एका अंगाने निळा ओघळत आलेला. यात हो कुठे आणि नाही कुठे? तुझा बाप म्हणतो, नाही म्हणायला माणूस पाच पैशांचं कार्ड टाकतो, एवढा रंग घालवत नाही, तेव्हा हे हो आहे. तुझी आई म्हणते, होकाराला कोणी काळा रंग पाठवतं का? तुझ्या आईचं, जसोदाचं तोंड मी इतकं लहान झालेलं तुझ्या मुंजीएवढ्या तापातही पाहिलं नव्हतं. (मुंज आपल्यात करत नाहीत, असं गुरुजी म्हणतात. नाही करत. पण ताप मोठा होता हे कळलं ना?) शेवटी गिरधरने ठरवलं की हो आहे, आणि कोरीटकरांना पाडव्यानंतरच्या गुरुवारी सुपारी फोडायला बोलावलं. चित्र मात्र तोवर कडब्याच्या खोलीत ठेवायचं. मुलाने हे केलंय असं दगा पाटलाला कळलं, तर तो ओसरीवरूनच माघारी जाईल म्हणे.

मी म्हटलं, पोराने पाठवलेली वस्तू गुरं खातील तिथे जाणार नाही. बैठकीत, जिथे बैलांचे साज अडकवतो त्या दोन खुंट्या आहेत ना, त्यांवर मी ते टांगायला लावलं. मातीची भिंत, खिळा धरत नाही. खुंट्या तुझ्या आजोबांनी ठोकलेल्या, त्यांच्यावर पोळ्याचं सगळं सामान राहतं, तर तुझे चार फराटे का राहणार नाहीत? आजोबांचा फोटो थोडा बाजूला सरकवला. त्यांना सवय आहे, हयातीतही मी सरकवतच होते.

खरं सांगते बन्सी, पहिले आठ दिवस मला त्यात काही दिसलं नाही. एकदा ढग दिसला, एकदा करपलेली भाकर. आल्यागेल्याने विचारायचं, हे कशाचं आहे, आणि मी सांगायचं, बडोद्याचं आहे. मग पाडव्यासाठी घर सारवायला काढलं. होळी करून दिवलीबाई अक्कलकुव्याकडच्या तिच्या पाड्यावरून मिरचीच्या कामाला परत आली होती, ती आणि मी मिळून बैठक सारवली आणि हात धुवायच्या आधी दोघी तिथेच भिंतीला टेकून बसलो. दारातून तिरकं ऊन चित्रावर आलं होतं. रंगाचे कंगोरे उठून दिसायला लागले आणि मला एकदम कळलं की मी चुकीचं विचारत होते. सारवलेल्या जमिनीला कोणी विचारत नाही, की बाई, हे कशाचं चित्र? आलेली बाई नुसती बघते आणि म्हणते, हात चांगला आहे. तसं बघायला लागल्यावर मग मला सगळं दिसलं. इथे तुझा हात पळत सुटलाय. इथे मनगट वळलंय. इथे श्वास संपला म्हणून फराटा तुटला, आणि वर उजवीकडे तुला कोणाचा तरी राग आलाय (तुझ्या बापाचं दुसरं पत्र त्याच दिवशी पोचलं असावं). आणि ती मधली पांढरी जागा रंग संपला म्हणून राहिलेली नाही, तू हात आवरलास म्हणून राहिली आहे. हात आवरायला तू कधी शिकलास? लहानपणी तर गुळाच्या डब्यात कोपरापर्यंत जायचास.

मग माझं काय झालं, मी उठले आणि त्या फराट्यांमागून माझा हात हवेत फिरवायला लागले. वर नेला, गोल आणला, खाली सोडला. बरं वाटत होतं रे. खांदा मोकळा झाला. डोक्यावरचा पदर पडला तेही कळलं नाही. तेवढ्यात तुझी आई दारात आली, तिने पाहिलं आणि हातातलं सूप टाकून ओरडली, की आत्याबाईंच्या अंगात आलं! पाच मिनिटांत ओसरी भरली. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी लिंबू कापलं. शेजारची तुळशीबाई तर पायाशीच बसली, "मन्ही म्हैस कवय याई वो माय?" आता म्हशीचं पोट तुळशीबाई सोडून सगळ्या गावाला दिसतंय. मी म्हटलं, अमावस्येच्या आत विईल. बन्सी, दुसऱ्या दिवशी पहाटे व्याली, आणि पारडीच झाली. त्या दिवसापासून चित्रासमोर रोज एक नारळ असतो. खोबऱ्याची बर्फी झाली, चटणी झाली, आता जसोदा डाळीतही घालते. मी चारदा सांगितलं की मी फक्त पोराचं काम बघत होते. तर म्हणतात, देवी अशीच बोलते.

तुझ्या बापाचा यावर विश्वास नाही, पण हात लावायची हिंमतही नाही. तो चित्राच्या पुढून जाताना खाली बघतो. काल त्याने निम्म्या चित्रावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर लावून पाहिलं, निदान पाहुण्यांपुरतं. मी नुसता हात थोडा वर उचलला, खाजवायला. त्याने कॅलेंडर काढलं.

तेव्हा आता काम एवढंच आहे. गुरुवारी दगा पाटील बैठकीत बसणार, ते चित्र त्यांच्या नाकासमोर असणार, आणि ते विचारणारच. तर दोन ओळींत अर्थ लिहून पाठव, म्हणजे गिरधर तो पाठ करून ठेवील. तब्येतीला जप. रात्री डोक्याला तेल लाव. तुझी आजी तापीबाई, लिहिणार करणसिंग.

ता. क. वरचा परिच्छेद गुरुजींनी तुझ्या बापाला वाचून दाखवला, त्याचं समाधान झालं आणि तो मळ्यात गेला. तो परिच्छेद सोडून दे. अर्थ पाठवू नकोस. मला तो कळला आहे.

दुसरा ता. क. त्या दिवशी भिंतीला टेकून बसलो होतो तेव्हा दिवलीबाई हळूच म्हणाली, "आठे दोन हात शेतस, बाय." म्हणजे इथे एकाचा नाही, दोघांचे हात आहेत. साठ वर्षं जावांच्या आणि सुनांच्या जोडीने जमीन सारवली, कुठे एकीचा हात संपतो आणि दुसरीचा लागतो हे मला झोपेतही दाखवता येईल. तांबडा सगळा तुझा. पण खालचा तो काळा फराटा तुझा नाही. त्याच्या कडेने चार बारीक रेघा चालल्या आहेत, फराटा वळला तिथे त्याही वळल्या. ओल्यात बांगड्या घासल्याशिवाय अशा रेघा उठत नाहीत. माझ्या सासूने मला यावरून पुष्कळ बोलून घेतलंय. आता तूच बांगड्या भरायला लागला असशील तर तसं लिही, मी समजून घेईन. नाहीतर तिचं नाव लिही. कोणाची, कुठली, ते तुझा बाप विचारेल आणि फार मोठ्याने विचारेल. मला नुसतं नाव हवं, आणि ते गुरुवारच्या आत हवं. सुपारी फुटली की दगा पाटलाच्या पोरीचंही वाईट होईल, आणि तिने कोणाचं काही बिघडवलेलं नाही. उत्तर गुरुजींच्या नावाने टाक. (त्यांनी टाक खाली ठेवला होता. त्यांना शपथ घातली आहे.) नाव आलं, की गुरुवारी सकाळी मी चित्रासमोर जरा हात फिरवीन आणि आखाजीपर्यंत (गुरुजी तिला अक्षय्य तृतीया म्हणतात) या घरात सुपारी फोडू नये असं देवीकडून सांगवीन. पुढचं आखाजीला तू येऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. रंगाने नाही.

तिसरा आणि शेवटचा. तो काळा फराटा डाव्या हाताचा आहे. माझाही डावाच होता. लग्न होऊन आले तेव्हा सहा महिने पदराच्या काठाने तो कमरेशी बांधून ठेवला होता, उजव्याची सवय लागावी म्हणून. तिला सांग, पहिले चार दिवस पंगतीत उजव्याने वाढ. पाचव्या दिवशी मी म्हातारी डाव्याने वाढायला घेईन, मग तिच्याकडे कोणाचं लक्ष जातंय.