क्लबाच्या बँडातली जागा

लोणावळे, ता. ६ नोव्हेंबर १९३८

ती. सौ. ताईस केशवचा शि. सा. न. वि. वि.

भाऊजींची बदली होऊन तू आंदर मावळात गेलीस, तेव्हापासून या क्वार्टरात बोलायला कुणी नाही. स्टेशनात दिवसभर तारा घेतो, पण तारेत कुणी माझी ख्यालीखुशाली विचारत नाही.

एक बातमी आहे. रेल्वे क्लबाच्या बँडात झायलोफोन वाजवणारा मुंबईला चालला आहे. लाकडी पट्ट्यांवर दोन काठ्यांनी वाजवायचे ते वाद्य. ते मला शिकवणारे, बँड चालवणारे मिंगेल मास्तर म्हणाले, नाताळच्या नाचाला तू बस, जमले तर जागा तुझी. लिहिलेले मी वाजवतो. पण जाझमध्ये गाणे चालू असतानाच एकेकाला मोकळे सोडतात, तेवढ्यात त्याने मनाला सुचेल ते वाजवायचे. एकटा असलो की सुचते, चारचौघांत मनगटे आखडतात. घरी पाट ओळीने मांडून पळ्यांच्या दांड्यांनी सराव करतो. जेवायला कुणी येत नसल्यामुळे पाट मोकळेच असतात.

ताई, ही जागा मिळाली तर अधूनमधून संध्याकाळी माणसांत बसेन. माया आहे तशी ठेव.

तुझा केशव


टाकवे, ता. २० नोव्हेंबर १९३८

चि. केशवास अनेक आशीर्वाद.

पाट बडवतोस हे वाचून हसू आले आणि पोटात तुटलेही. त्यांतल्या एका पाटावर बसायला मुलगी बघू का? इथे भाताची कापणी चालू आहे. सगळा गाव शेतावर आणि मी घरात एकटी. शेजारच्या रतनबाई म्हणतात, लाकडं बडवून कुटं पोट भरतं व्हय, पण पोराला येतंय तर वाजवू द्या की.

भीतीवर मला एकच उपाय ठाऊक आहे. भजनात अभंग उचलण्याआधी बाबा वडीलधाऱ्यांना हात जोडून परवानगी घेत. मग त्यांचा आवाज कधी कापला नाही. तूही तसेच कर आणि खुशाल वाजव. प्रकृतीला जप, पत्राला उशीर करू नकोस.

तुझी ताई


लोणावळे, ता. २ जानेवारी १९३९

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

जागा मिळाली नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

नाताळच्या नाचाला बसलो, लिहिलेले सगळे नीट गेले. मग मास्तरांनी मला मान हलवून खूण केली. मी काठ्या खाली ठेवल्या आणि त्यांना हात जोडले. ड्रमवाले दुमिंग अंकल सर्वांत वयस्कर, म्हणून वळून त्यांनाही जोडले. बाबांसाठी टाळ थांबत असत. इथे कुणी थांबत नाही. मी नको म्हणतो आहे असे वाटून ट्रंपेटवाल्याने माझा भाग उचलला. मला अवघड वाटू नये म्हणून पुढे कुणी माझ्याकडे पाहिलेही नाही. तुझा उपाय मात्र लागू पडला होता. हात जोडले तेव्हा मनगटे अगदी मोकळी होती आणि काय वाजवायचे तेही सुचले होते.

जागा घोरावाडीच्या नथूला दिली. तो फार खुशीत आहे, काठ्या कशा धरायच्या ते मलाच विचारून गेला. मास्तर वाटेत भेटले. म्हणाले, नको होते तर आधी सांगायचेस, मी रागावलो नसतो. आता खरे सांगितले तर नथूला उठवावे लागेल, म्हणून मी नुसता हसलो. तुला तेवढे सांगतो. मला ती जागा हवी होती.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

केशव