कामावर उभं राहणारं माणूस

रविवार, ७ सप्टेंबर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. माझं लग्न काही झालं नाही, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी निदान घर तरी घेतलं. बांधलेलंच आहे, पण त्यातलं अर्धं मोडून नवं करायचंय, म्हणजे बांधण्याचं पुण्य लागेलच.

अकोल्यात अकरा वर्षं भाड्याच्या एका खोलीत काढली. काल टेम्पोत सामान टाकून अमरावतीला आले. अर्ध्या टेम्पोत पुस्तकं. हमाल म्हणाला, मॅडम, भांडे कुठं हायेत? मी म्हटलं, एक बाई आणि एक कुकर, आणखी काय भांडी असणार!

पुढे बैठकीची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मागे एक मोठी खोली आणि अंगणापलीकडे न्हाणी. कॉलेज स्कूटरवर दहा मिनिटं. आज दोन्ही दारांना झेंडूची माळ लावली आणि उगाचच या खोलीतून त्या खोलीत हिंडले.

मागची खोली आईची. आषाढात ती पडली, खुबा गेला, आता वॉकरवर चालते. हिवरखेडला धाकट्या भावाच्या, भगवंताच्या घरी तीन पायऱ्या उतरून न्हाणीत जावं लागतं. म्हणून या खोलीला जोडून न्हाणी, कमोड आणि पुढच्या दाराच्या उंबरठ्याला उतार करायचा. आईची अट एकच: मले खिडकी पायजे, रस्त्यावरचे लोक दिसले पायजे. खिडकी आहे, मोठी आहे. भाऊबीजेला भगवंता ओवाळून घ्यायला येतोच, तेव्हाच तिला घेऊन येणार. कायमची. दीड महिना आहे.

ही डायरी कॉलेजची, कोरी पडून होती. हिच्यात मापं लिहीन आणि जमेल तसं मनातलंही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

ठेकेदार मिळाला. कुलदीप नाव, दोन मोबाईल, एकावर बोलतो आणि दुसऱ्याकडे बघतो. म्हणाला, पितृपक्षात कोणी काम काढत नाई मॅडम, म्हणून मी मोकळा हाय, वीस दिवसांत चावी हातात देतो. आईला फोनवर सांगितलं तर ती उखडलीच. पितरात कोनी कुदळ मारते काय, म्हणाली. मी म्हटलं, पितरांना घाई नाही, मला आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर

नाकीनऊ आलेत. मी साडेनवाला निघते, हे लोक अकराला उगवतात. संध्याकाळी सहाला यावं तर विटांचे दोन थर, आणि खर्रा थुंकलेला कोपरा मात्र पूर्ण. नागसेन मिस्त्रीचा हात चांगला आहे, पण तो हात हलायला कुणीतरी बघत असावं लागतं. आज कमोड असा बसवला की बसणाऱ्याचे गुडघे भिंतीत जातील. आईने काय कडेवर बसायचं? कुलदीपला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, कामावर कोनीतरी उभं राहाले पायजे.

हे मला सगळेच सांगतात. कॉलेजातल्या प्रत्येकीकडे उभं राहणारं माणूस आहे. कुणाचा रिटायर नवरा, कुणाची सासू. मी मात्र ग्रंथालयात बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकते. माझ्या रजा आईच्या दवाखान्यात संपल्या.

घरी येऊन रेतीच्या ढिगावर बसले आणि रडू आलं. कमोडसाठी रडणारी बाई वऱ्हाडात मी पहिलीच असेन.

रविवार, २१ सप्टेंबर

आज सर्वपित्री. सुट्टी असूनही कौशल्या आली. ही माल वाहणारी बाई, कमी बोलते, काम मनापासून करते. घरून केळीच्या पानावर वडे, खीर, भात घेऊन आली होती. म्हणाली, ताई, तुमी पितरात घर उकरलं, या घरचं जे कोनी असंल त्याले आज जेवाले वाढा. इथे कोण होतं, मला कुठं ठाऊक! घर विकलं ते एका पुतण्याने, तो नागपूरला असतो.

पान मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. कौशल्या म्हणाली, आता बोला काहीतरी. मी हात जोडले आणि म्हटलं, या घरचं जे कोणी असेल त्यानं पोटभर जेवावं आणि उद्यापासून माझ्या कामावर उभं राहावं. मला हसू आलं. कौशल्याला आलं नाही.

कावळा काही आला नाही. पण थोड्या वेळाने पाहिलं तर पान रिकामं होतं. मांजर असेल.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आक्रीत झालं! मी निघायच्या आधीच नागसेन हजर. संध्याकाळी आले तर कमोड काढून नीट बसवलेला, उताराचं काम झालेलं, कोपरा धुतलेला. मी तोंडभरून कौतुक केलं तर तो ओशाळून म्हणाला, तुमच्या मायनं सांगतलं, मंग करा लागते ना बाप्पा.

माझी माय हिवरखेडला. समोरच्या पार्वताबाई येऊन बघत असाव्यात. पाच कप धुऊन ओट्यावर पालथे घातले होते. म्हणजे चहासुद्धा केला त्यांनी. माणसं अजून चांगली आहेत.

शनिवार, २७ सप्टेंबर

पार्वताबाईंना चिवडा घेऊन गेले, आभार मानायला. त्या म्हणाल्या, काहून वो बाई, गौरीपासून माह्ये गुडघे धरले, मी रस्ता ओलांडला नाई.

मग कोण येतं? कुलदीपने कुणाला ठेवलं असेल का?

घरी आले. आज ओट्यावर पाच कप पालथे आणि सहावा सुलटा. त्यावर बशी. बशी उचलली. गवती चहा घातलेला, वाफ येत होती. घरात कुणीही नव्हतं. मजूर जाऊन तास झाला होता.

ओतून टाकायला हवा होता हे मला कळत होतं. पण अकरा वर्षांत मी कामावरून आल्यावर माझ्यासाठी कुणी चहा करून ठेवलेला नाही. एकदाही नाही. उभ्या उभ्या सगळा प्याले. चांगला होता.

बुधवार, १ ऑक्टोबर

आईच्या खोलीची खिडकी विटांनी बंद केली आहे. आतून-बाहेरून गिलावासुद्धा.

मी नागसेनवर इतकी ओरडले की पार्वताबाई दारात आल्या. तो पोरांची शपथ घेऊन सांगत होता, तुमच्या मायनंच सांगतलं, पोरगी खिडकीत उभी राह्यते, जानारे-येनारे पाह्यतात, बुजवून टाका. मी विचारलं, कशी दिसते माझी माय? पांढरे केस, हिरवं लुगडं, मागच्या खोलीच्या दारात उभी असते, अंगणात उन्हात येत नाही. चहा छान करते. तुमच्याबद्दलच बोलते, म्हणाला. माही पोरगी थकून येते कामावरून.

भगवंताला फोन लावला. आई खाटेवर बसून शेंगा सोलत होती.

कुलदीप म्हणाला, दसऱ्यानंतर फोडून देतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

खिडकी फोडलेली नाही. उलट मागच्या खोलीच्या दाराला कडी बसवली आहे. बाहेरून. जाड लोखंडी. नागसेन म्हणाला, ताई, मले भोकं पाडाच नाई लागले, चौकटीत जुने भोकं होते, बरोबर बसली. खिडकी बुजवतानाही असंच झालं म्हणे. चौकटीच्या कडेला गिलाव्याखाली छाटलेल्या जुन्या विटा दिसल्या. म्हणजे तिथे आधी भिंतच होती, खिडकी नंतर पुतण्याने काढलेली.

पार्वताबाईंकडे गेले. आधी त्या टाळत होत्या. मग म्हणाल्या, इथं मायलेकी राहत. मुलगी तुमच्याच वयाची. घरातून निघून जायची, म्हातारीला तीच काय ती एक. मग मुलगी दिसेनाशी झाली. म्हातारी सांगायची, आहे घरात, झोपली आहे. आठ-दहा वर्षं झोपलीच होती. दोन वर्षांपूर्वी म्हातारी गेली. मी विचारलं, आणि मुलगी? पार्वताबाईंनी दार लोटून घेतलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

कुलदीपने माणसं दुसऱ्या कामावर नेली. म्हणतो तुमचं काम झालं, तुमच्या आईनं सांगितलं आता माणसं नकोत. त्याचा फोन आता लागत नाही.

कौशल्या तिचं घमेलं न्यायला आली, फाटकाच्या आत आली नाही. मी तिचा हात धरला. पान तू वाढलंस, आता घालव तिला. ती म्हणाली, मी जेवाले बलावलं होतं ताई, जेवून गेली असती. कामावर तुमी ठेवलं. कामावर ठेवलेलं मानूस काम झाल्याबिगर कसं जाईन?

म्हणजे काम पुरं केलं पाहिजे. तेवढंच ना.

कडी मी स्वतः काढली, पेचकसने, चारही स्क्रू. कॉलेजातून आले तर परत होती.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मजुरांच्या ठिय्यावरून नवा मिस्त्री आणला. मी समोर उभी राहिले. त्याने अर्धी खिडकी फोडली, उजेड आला, मला हायसं वाटलं. पाणी आणायला आत गेले, दोन मिनिटं. परत आले तर तो शेवटची वीट लावत होता. म्हणे, तुमच्या आईनं सांगतलं. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि थापी तिथेच टाकून गेला.

कुठे जाऊ? अकोल्याची खोली गेली. कॉलेजात कुणाला सांगू की माझ्या घरात कुणीतरी माझ्यासाठी चहा करतं?

रविवार, १९ ऑक्टोबर

भगवंताला सांगायला फोन केला की आत्ता नका येऊ. आईनेच उचलला. दसऱ्यापासून पिशवी भरून बसली आहे. लुगडी तीन, देव एक, वॉकर. तिने विचारलं, तुले नकोशी तर नाई ना झाली मी? मी म्हटलं, वेडी आहेस का, लवकर ये.

हे बोलले तेव्हा मागच्या खोलीतून भांड्याचा आवाज आला. काहीतरी आपटल्यासारखा.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पणत्या लावल्या. एकटीने आरती म्हटली. सोबत दुसरा आवाज होता.

मागच्या खोलीत अंथरूण घातलं आहे. माझी चादर. माझी उशी. उशाशी पाण्याचा तांब्या. दाराची खालची फळी कापली आहे, ताट सरकेल एवढी. ही कुणी कापली? आता तर कुणी मिस्त्री येत नाही.

ही खोली माझ्या आईची नाही. कधीच नव्हती. ती माझ्यासाठी—

चहा ओतून टाकला. अर्ध्या तासाने कप परत भरलेला. त्यावर बशी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

सकाळी सातला भगवंताचा फोन. निघाले. अकराला पोचतील.

छन्नी-हातोडा कालच आणला. आपला हात जगन्नाथ. आई यायच्या आत खिडकी मीच उघडणार. ही खोली मी माझ्या आईसाठी पुरी करीन आणि म्हणीन, झालं काम, जा आता.

दार लागू नये म्हणून सिमेंटची गोणी टेकवली. डायरी घेतली, चौकटीचं माप हिच्यातच आहे. ३ फूट ९ इंच.

पंधरा विटा निघाल्या. हाताला फोड. उजेड

—

गोणी नाही. दार लागलं. कडीचा आवाज बाहेरून झाला. फोन बैठकीत आहे.

मागे वळून पाहिलं तर भिंत पूर्ण. गिलावा ओला.

—

फटीतून ताट आलं. वडे, खीर, भात. मी विनवलं. म्हटलं, काम झालं, तुम्ही जा. ती म्हणाली, हो ना बाई, झालंच आता. जेव.

आवाज मायेचा. तेच वाईट आहे.

—

गाडी. भगवंताची जीप, तिचा हॉर्न मला माहीत आहे. फाटक वाजलं.

ताई, ताई, अशी हाक. मी ओरडतेय. छन्नी आपटतेय दारावर. माझा आवाज माझ्याच अंगावर परत येतो. त्यांना काही—

—

फटीला कान लावून पडले आहे. वॉकरचा टकटक आवाज. आई आली. बैठकीत आली. ती दुसरी, इथली म्हातारी, बसा म्हणाली. माझी दूरची मावशी आहे, असं सांगतेय. चहा देतेय.

भगवंता विचारतोय, ताई कुठं हाय. ती म्हणते, तिला बोलायचं जड गेलं, म्हणून बाहेर गेली. तिनं निरोप ठेवला. तिच्यानं होणार नाही तुमचं. नोकरी आहे, एकटी आहे. तुम्हाला परत न्यावं.

खोटं आहे माय. खोटं आहे गं

—

भगवंता चिडला. आई त्याला गप्प करते. आई रडत नाहीये. आई म्हणते, बरोबर हाय तिचं. एकटी पोर, किती करंन. तिले सांगजा, मी रागावली नाई. येळेवर जेवत जाय म्हना.

वॉकर. टकटक. पुढच्या दाराकडे. उतारावरून. उतार मी केला, तिच्यासाठी—

जीप सुरू झाली.

माय, मी इथंच आहे, आतच आहे, तू मला नकोशी नाहीस, मी तुझ्यासाठीच हे सगळं