शंभरात दोन

१२ जानेवारी १९८७, सोमवार

काढले. चोवीस हजार डॉलर, जुगाराच्या सामाईक पेटीतून. गसच्या फुप्फुसाचं ऑपरेशन परवा, आणि पैसे आधी भरल्याशिवाय दवाखाना हात लावायला तयार नाही. तो कामाला होता ती लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हाच त्याचा विमाही गेला. पेटीत साठ होते, आता छत्तीस.

थेअरला सांगितलेलं नाही. सांगेन.

१५ जानेवारी

ऑपरेशन झालं. एक फुप्फुस निम्मं गेलं, माणूस राहिला. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला तशी पहिली चौकशी — पैसे कुठून आणलेस, व्हेल्मा? पेटीतून, म्हटलं. थेअर काय म्हणाला? काय म्हणणार, तुझाच धाकटा भाऊ आहे! किती सहज खोटं बोलले मी.

दिवसभर स्वतःची समजूत घालतेय. साठातले तीस आमचे, तीस थेअरचे, मी आमच्यातलेच काढले. पण पेटीत हिस्से नसतात, हे त्याला शिकवलं कुणी? मीच! टेबलावर किती लावायचे हे पेटीत एकूण किती आहेत त्यावरून ठरतं, कुणाचे किती आहेत त्यावरून नाही. पेटीतले कमी झाले आणि लावणं तेवढंच ठेवलं, तर चांगला खेळणाराही साफ बुडतो.

१९ जानेवारी

थेअर कागद न्यायला आला. चार वर्षं झाली, रीनोतल्या एकाही कॅसिनोत मला ब्लॅकजॅकच्या टेबलाशी बसू देत नाहीत. पत्ते मोजते म्हणून चेहरा ओळखून बाहेर काढतात. तेव्हापासून खेळतो तो, आकडे मांडते मी. कागद पोस्टकार्डाएवढा. छोटी पानं निघून गेली, मोठी उरली, की पारडं आपल्याकडे — तेव्हा चारशे लावायचे. एरवी पंचवीस. मधले आकडे मधल्या मोजणीला. सगळे साठ हजारांवर बेतलेले.

आता नवा कागद करायला हवा होता. छत्तीसवर चारशेचे दोनशे चाळीस होतात. पण ते पाहून त्याने विचारलंच असतं, का गं? म्हणून जुनाच दिला.

दर वेळी विचारतो तेच त्याने आजही विचारलं. "बुडायची शक्यता किती, वहिनी?"

"शंभरात दोन."

साठावर दोन. छत्तीसवर नऊ. त्याच्यासमोर बसूनच मनात गुणाकार केला, चेहरा हलू दिला नाही. घटस्फोटानंतर घर विकून आलेले त्याचे तीस हजार त्या पेटीत आहेत. त्यापलीकडे त्याच्याजवळ एक गाडी आणि आठवड्याच्या भाड्याची खोली. नऊ म्हटलं असतं तर तो खेळायला गेलाच नसता.

२७ जानेवारी

हरला. चार हजार.

३० जानेवारी

पुन्हा. साडेतीन.

३ फेब्रुवारी

सहा! मोजणी उत्तम होती म्हणे, पत्ते वाटणाऱ्याने दर वेळी वीस काढले, एकविसाला एकच कमी. दोष कुणाचा नाही. शंभरात दोन-तीनदा इतका मोठा खड्डा पडतोच, मीच त्याला सांगत आले आहे.

६ फेब्रुवारी

गस घरी आला. जिना चढताना तीनदा थांबला. थेअर मटणाचा रस्सा घेऊन आला, भावाच्या गळ्याला स्वतः रुमाल बांधला, आणि लहानपणी तू माझं ताट पळवायचास त्याचा सूड घेतोय म्हणाला. दोघं हसले. गसला हसताना टाके दुखतात.

मग गस एकदम म्हणाला, "तुझे उपकार झाले रे बाबा."

थेअरने चमचा पुढे केला. "गप खा," म्हणाला.

रश्शाचे आभार मानतोय असं वाटलं असेल त्याला. मी उगीच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१० फेब्रुवारी

एकूण अठरा हजार गेले. पाव भांडवल गेलं की कागद बदलायचा हा आमचा नियम, म्हणजे आज बदलणं आलंच. थेअरच्या हिशेबी पेटीत बेचाळीस. खरे अठरा. बेचाळीसवर दोनशे ऐंशी लावायचे. अठरावर फक्त एकशेवीस.

पेन हातात घेऊन तासभर बसले. एकशेवीस लिहिलंही. फाडलं. दोनशे ऐंशी लिहिलं. लाज वाटते मला माझी.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. शंभरात किती, ते या वेळी विचारलं नाही. (अठरा. शंभरात अठरा!) दारात थांबला आणि म्हणाला, "आणखी काही सांगायचंय का, वहिनी?"

मी म्हटलं, हातमोजे घाल, बाहेर गारठा आहे.

१४ फेब्रुवारी

तीन हजार जिंकला. वेड्यासारखी रडले. असंच आठ-दहा वेळा झालं तर सांगायची वेळच येणार नाही.

१८ फेब्रुवारी

गेले. तीनही गेले, वर अकरा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पेटी रिकामी. आज दुपारी शेवटचे सात हजार घेऊन गेला, आणि तासाभरात गाडी परत आलेली दिसली. वर आला नाही. गाडीतच बसून राहिला. थोड्या वेळाने निघून गेला.

त्याच्या समजुतीप्रमाणे इथे अजून चोवीस हजार आहेत. सोमवारी तो नवा कागद आणि पैसे मागायला येईल. द्यायला एक नोटही नाही. आता सांगावंच लागेल, गससमोर. त्यालाही मी फसवलंच आहे.

२३ फेब्रुवारी

सांगितलं. थेअर ओरडला नाही.

म्हणाला, "गस दवाखान्यात होता, त्याचे कपडे न्यायला मी इथे आलो होतो ना, तेव्हाच पेटी मोजली. आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट पाहिली. आणि तू काढलेलं गुपचूप भरून निघावं म्हणून पहिल्या दिवसापासून तुझ्या कागदाच्या दुप्पट लावत होतो, वहिनी."