दादाने शिकवलेली तडतड

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची आपली पद्धत, पण आज पेन पुढे सरकत नाही. वेल्डिंगच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदाही नापास झाले. निरीक्षकांनी माझ्या जोडाची पट्टी यंत्रात वाकवली आणि ती कडेने उकलली. शेवटची परीक्षा चौदा तारखेला आहे. तेव्हाही उकलली तर कारखान्यातून नाव कमी. ह्यांची कंबर धरल्यापासून घर माझ्या एकटीच्या हातावर चाललंय, हे तू जाणतोसच.

मशीन तुझ्याकडे होतं तसंच आहे, बटण दाबलं की वायर आपोआप पुढे येते. फरक गॅसचा. तुझ्या शेडमध्ये नुसता कार्बन डायऑक्साईड होता, इथे आर्गॉनमध्ये तो थोडासाच मिसळलेला असतो. तू शिकवलंस तशी कानाने मशीन लावायला जाते, तर तडतड येतच नाही, नुसती गुणगुण. मग तडतड येईपर्यंत मी व्होल्टेज खाली आणत राहते. शेजारच्या टेबलावरचे मास्तर म्हणतात की या मिक्स गॅसचा आवाज शांतच असतो, ठिणग्या कमी उडतात, जोड गुळगुळीत येतो, व्होल्टेज वर न्या. मी त्यांना तोडून बोलले की माझा भाऊ चुकीचं शिकवणार नाही. आता मात्र माझा धीर सुटत चाललाय. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
ठिणगी

७ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

मास्तरांना म्हणावं, आपलं टेबल सांभाळा. गुणगुणतो तो जोड की डास? तडतड आली की लोखंड लोखंडाला धरतं, हे मी तीस वर्षं कानाने ऐकलंय. माझ्या शेडच्या दारात बसून ठिणग्या मोजायचीस, म्हणून तर तुझं हे नाव पडलं. त्या मोठ्या कारखान्याला लाथ मारून आलो, पण कोणापुढे वाकलो नाही. तूही डगमगू नकोस. मेहुण्यांना कंबर शेकायला सांग.

तुझा,
दादा

११ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

आधीचं पत्र टाकल्यापासून हे दुसरं लिहायला बसतो आणि उठतो. मी लाथ मारली नव्हती. लाथ मला बसली होती. त्या मोठ्या कारखान्यात हाच गॅस, हीच परीक्षा, मी तीनदा नापास झालो. तडतडीसाठी मीही व्होल्टेज खाली आणत राहिलो. सांगणारे होते, पण साऱ्या शेडमध्ये माझ्या त्या आवाजाचं कौतुक होतं, तो सोडवेना. असा थंड पडलेला जोड वरून बरा दिसतो, कडेला आत धरत नाही. घरी मात्र फुशारकी मारली, आणि तू ती खरी मानत मोठी झालीस.

मास्तर म्हणतात ते खरं आहे. व्होल्टेज वर ने, माझी तडतड विसर. हे पत्र चौदाच्या आत तुझ्या हाती पडू दे, दुसरं काही मागत नाही.

दादा

१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं दुसरं पत्र काल मिळालं. चौदाला मी तुझीच तडतड लावली होती. पट्टी उकलली. हातमोजे आणि शिरस्त्राण जमा करून आले. घरी ह्यांना अजून सांगितलेलं नाही, सकाळी डबा घेऊन निघते आणि बागेतल्या बाकावर बसते. उद्या कुठे बसायचं ते कळत नाही.

मी तुझ्यावर फार रागावले आहे. नापास झालास म्हणून नाही. ते मला आधी सांगितलं असतंस तर मी मास्तरांना तोडून बोलले नसते.

चौदाला कारखान्यातून निघताना त्याच मास्तरांनी मला थांबवलं. व्होल्टेज स्वतः वर नेलं आणि भंगारातले दोन तुकडे पुढे सरकवले. मी एकच जोड मारला, गुणगुणत. त्यांनी तो टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात धरून दुमडला, पार दोन्ही टोकं भेटेपर्यंत. उकलला नाही. मला रडू आलं, ते दुसरीकडे बघत राहिले.

तो जोड सोबत पाठवते आहे. डोळे मिटून त्यावर हात फिरव. उडालेल्या लोखंडाचा एकही दाणा बोटाला लागणार नाही. हे आपल्या दोघांनाही जमण्यासारखं होतं, दादा.

लोभ वाढव असं दरवेळी लिहिते. या वेळी आहे तेवढाच राहू दे.

तुझी,
ठिणगी