पोळ्याचे जुने कासरे

भाद्रपद शुद्ध १, फसली १३४६. परतूर.
काल पोळा झाला. बैलांना नव्या वेसणी, नवे कासरे. आज मालक काकासाहेबांनी जुने कासरे गोळा करून माझ्यापुढं टाकले — "मिस्त्री, परांचीला हेच बांधा. नवा दोर कशाला?" दसऱ्याला त्यांना नव्या माडीत राह्यला यायचंय. मी "जी" म्हणलो. बांधून टाकली परांची.

शुद्ध २
दिवसभर पाऊस. काम बंद.

शुद्ध ४
माझ्या हाताखालचा गडी रायभान परांचीवरनं पडला. दोन पुरुष उंचीवरनं, खाली दगडाच्या ढिगावर.
आमच्या धंद्यात रीत आहे. सकाळी परांचीवर पहिला पाय मिस्त्रीचा. त्यानं एकेक गाठ वढून बघायची, मंग गडी चढायचे. आज काकासाहेबांनी ओट्यावर चहाला बोलावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कपबशी हातात दिली — मी फुगलो. रायभान खालून विचारून राह्यला, "मिस्त्री, गाठी पाहिल्या का? चढू?"
"पाहिल्यात. चढ जल्दी."
पाहिल्या नव्हत्या. कासरा तुटला तेव्हा माझा चहा अर्धा पण झाला नव्हता.

शुद्ध ५
हाडवैद्य आल्ता. कंबरेखाली रायभानला काहीच कळत न्हाई. आता पाय चालायचे न्हाईत म्हणला.
काकासाहेब म्हणाले, "पिऊन आल्ता म्हणून सांगा. बिलकुल दुसरं काही न्हाई." मी मान डोलवली. थू माझ्या जिंदगानीवर!

शुद्ध ७
रायभानची बायको बायनाबाई आज कामावर आली. त्याच भिंतीला चिखलाची घमेली वाहिली. माझ्याकडं पाहिलं न्हाई.

शुद्ध ९
पोलीस पाटलांनी विचारलं. पिऊन होता म्हणलो. रायभानच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तो थेंबाला शिवत न्हाई. माझी जीभ कशी झडली न्हाई?

वद्य २
राहवलं न्हाई. रायभानकडं गेलो, पाय धरले. त्याला कळलंच न्हाई. मंग हात धरले आणि सगळं सांगितलं.
तो म्हणला, "गेल्या सालापर्यंत मीच काकासाहेबांचा सालगडी. ते कासरे माझ्या हातचे वळलेले, मिस्त्री. कुजलेत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं. तुम्ही पाहिल्यात म्हणले — मंग चढलो."