दोन सतरांचा फासा

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू प्रथम नोंदवतो: सहा बाजूंचं लाकडी टेबल, त्यात एकही स्क्रू नाही, कापडावर शाईने काढलेले चौदा नकाशे, शिशाच्या एकवीस बाहुल्या, सगळ्यात उंच अडतीस मिलिमीटर, लिहिलेल्या अकरा वह्या, आणि वीस बाजूंचा एक पितळी फासा.

मी, लेथ कारागीर, वय बावन्न, शाळा नववीपर्यंत, बाकी सगळं वाचून आणि बिघडवून शिकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. पण लिहायला लावलं ते थोरल्या बंधूंनी. खेळ बनवणारी एक कंपनी माझ्या वह्या विकत घ्यायला आली, मी नाही म्हणालो, तेव्हा दादा सर्वांदेखत म्हणाले, "बरं, तू गेल्यावर बघू." म्हणून मी असतानाच बघून ठेवतो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. यात चर्चा नाही.

२. मायक्रोमीटर आणि सगळ्या कानशी कारखान्यातल्या फोरमनला. त्याने मला अठरा वर्षं 'तोतरा' म्हटलं. त्याचा हात चांगला आहे. तोंड घासायला माझ्याकडे कानस नाही.

३. खेळाविषयी, पुढे वाद नको म्हणून. टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो: मी, पत्नी, इस्पितळाच्या वॉर्डातली सिस्टर आणि बसचा ड्रायव्हर. मी गोष्ट मांडतो, आम्ही त्यातली माणसं होतो, आणि काम साधलं की फसलं हे फासा ठरवतो. घडेल ते मी वहीत उतरवतो. एकोणीस वर्षं, दर रविवारी सकाळी. पत्नी दरोडेखोर होते. संसारात जे बोलायचं राहिलं ते तिने तिथे व्यवस्थित ऐकवलं आहे. मी राजदूत होतो. तो अडखळत नाही. सातव्या वर्षी मॅनेजरसमोर पगारवाढीचं बोलायला गेलो, तर राजदूतच बोलला. तो काही परत गेला नाही.

दादा म्हणाले, "पन्नाशी उलटली तरी राजा-राजा खेळतोस?"

मी म्हणालो, "तुम्ही ऑफिसात साहेब-साहेब खेळता, तेही फासा न टाकता."

४. फासा सिस्टरला. त्याची कुठलीही बाजू पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त चुकलेली नाही. चूक आकड्यांत आहे: त्यावर सात नाही, सतरा दोनदा आहे. सातच्या आधी एकचा आकडा कोरला गेला, तो मीच कोरला. दुसऱ्या सतराखाली टिंब आहे. मी नवा करणार होतो. सिस्टर म्हणाली, "राहू द्या हो भाऊ, तुमच्या हातची एक तरी चूक आम्हाला बघायला मिळू दे." तेव्हा नियम ठरला: टिंबाचा सतरा पडला की सोंग खाली ठेवून स्वतःचं एक खरं सांगायचं. इतरांनी काय सांगितलं ते टेबलाचं आहे, इथे येणार नाही. माझं लिहितो: नववीत मी नापास झालो होतो. दादांना हे वाचताना कळेल. फासा कोणीही दुरुस्त करू नये.

५. टेबल, नकाशे, बाहुल्या आणि वह्या तिघांना मिळून. काहीही विकायला तिघांच्या सह्या लागतील. बारावी वही कोरी आहे, ती ड्रायव्हरने लिहावी. "मला कुठे लिहिता येतं," म्हणेल. मलाही येत नव्हतं. माझ्यानंतरचा पहिला रविवार बुडवू नये. राजदूत जगतो की मरतो ते फाशावर सोडावं, हळहळून वाचवू नये.

६. दादांना वस्तू काही नाही. माझी खुर्ची रिकामी असेल. बसायचं असेल तर नऊ वाजता, मोबाइल बंद करून.

७. साक्षीदार आमचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरचे औषधवाले. दोघांना यातून काहीही मिळत नाही, म्हणूनच निवडले. ठिकाण: हेच टेबल. दिनांक: चौदा, रविवार, खेळ मांडण्याआधी. माझी आणि दोघांची सही शेवटच्या कलमाखाली.

८. माझ्यामागे कोणी 'त्याला किंमत कळली नाही' म्हणू नये, म्हणून नोंद. कंपनीला अकराही वह्या हव्या होत्या. अट अशी की आमची नावं कुठे येणार नाहीत, आणि वह्यांतली माणसं आम्ही चौघांनी पुन्हा कधी खेळायची नाहीत. कागद दोनदा वाचला आणि परत दिला. देऊ केलेली रक्कम: चाळीस लाख, एकरकमी.